माळावर पाणी नेताना

आमच्या घरात दोन भाऊ एकाच अंगणात राहतात आणि एकमेकांशी बोलतात ते माझ्यामार्फत. मी सांगलीच्या विश्रामबागेत वाढले, तिथंच कॉलेज केलं, आणि लग्न करून औंधजवळच्या या गावात निरोप पोचवायच्या नोकरीला लागले. सुट्टी नाही, पगार तर नाहीच.

माझे सासरे सयाजीराव, म्हणजे आबा, पलटणीतून सुभेदार होऊन परतले. त्यांचे धाकटे भाऊ आप्पासो आयुष्यभर शेतीत. आजेसासूबाई गेल्या तेव्हा आबा पार सीमेवर होते. ते पोचले तेराव्याला. भरल्या पंगतीत आप्पा म्हणाले, "तुला आईपरीस पलटण मोठी." आबा पानावरून उठले. तेव्हापासून जो अबोला धरलाय, तो आजतागायत. दोघांनाही मनातून बोलायचं असतं हे मला शपथेवर सांगता येईल, पण पहिला शब्द कुणी काढायचा यावर गाडी अडलेली.

यंदा आबांनी माळावर घर बांधायला काढलं. पाया खणून झाला, पाणी तेवढं नव्हतं. विहीर खाली ओढ्याकाठी, माळ वर, आणि मधे आप्पांचं रान. त्यातून पाइपलाइन नेल्याशिवाय इलाज नव्हता. आप्पा अडवतील असं सगळ्यांना वाटलं. खरं सांगायचं तर अडवावं अशीच माझी इच्छा होती. पाणी पोचलं की घर उभं राहणार, आम्ही माळावर राहायला जाणार, मग या दोघांना एकमेकांचं खोकणंसुद्धा ऐकू येणार नाही, आणि अबोला जन्माचा होणार. माझा नवरा पृथ्वीराज लष्करात आहे. त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "तू लय विचार करतीस." हाही बापाच्याच वळणावर गेलाय.

आप्पांनी मात्र एका शब्दात होकार दिला.

जेसीबीनं चर काढायला घेतला. चराच्या या काठाला आबा, त्या काठाला आप्पा, आणि मधे मी.

"राजेश्वरी, त्यांना विचार, एवढी खोली पुरं का?"

"सूनबाई, त्यांस्नी म्हणावं, अजून वाईच खाली जाऊ द्या. माझा नांगर लागंल पायपाला."

"ऐकलं का आबा?" मी विचारलं.

"तू सांगितल्याशिवाय मला कसं ऐकू येणार?" आबा म्हणाले. कपाळावर हात मारायची सोय नव्हती, दोन्ही हात मातीचे होते.

संध्याकाळी सगळे गेल्यावर आप्पा एकटेच चरात उतरले. पाइपाला टोचतील म्हणून तळातले दगड वेचून बाहेर टाकत होते, वर मऊ माती पसरत होते. ज्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्या पाइपाखाली हे अंथरूण घालणं चाललं होतं. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

पहिलं पाणी सोडायचा मुहूर्त निघाला शुक्रवारी दुपारी बाराचा. शुक्रवार यमाईचा वार, त्यामुळे सासूबाईंच्या दृष्टीनं प्रश्नच मिटला. नेमका त्याच सकाळी आप्पांच्या रानातला एक पाइप चिरलेला निघाला. तो बदलून नवा जोड दिला. दुकानदारानं बजावलं होतं, सोल्युशन लावल्यावर जोड एक रात्र तरी वाळू द्या. पण देवीचा मुहूर्त टळेल का? आबांसारखा शिस्तीचा माणूस, तोही सासूबाईंपुढे गप्प बसला. बारा वाजता विहिरीवर आबा आणि सासूबाईंनी नारळ फोडला आणि मोटार चालू केली.

मी आप्पांच्या रानात त्या जोडावर लक्ष ठेवून होते. शेजारीच आप्पांनी शिजवलेली हळद वाळत घातली होती. पाइपात आधी खडखड झाली, मग जोड सटकला आणि पुरुषभर उंच कारंजं थेट हळदीवर कोसळलं.

"सूनबाई!" आप्पा धावत आले. "त्यांस्नी सांग, मोटार बंद करा म्हणावं!"

माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांचे निरोप एकदम घशाशी आले. मी आबांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि आप्पांच्या कानाला धरला.

"तुमीच सांगा," मी म्हटलं. एव्हाना माझीही भाषा इथली झालीय.

आप्पा चिडून माझ्याकडे बघत राहिले. फोनमधून आबा विचारत होते, "राजेश्वरी, आलं का गं पाणी? बोल की!"

आप्पांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. "दादा," ते म्हणाले.

पलीकडून नुसता मोटारीचा आवाज येत राहिला. मग आबांनी हळूच विचारलं, "आप्पा? काय झालं? तुला कुठं लागलं न्हाई न्हवं रं?"

"मला काय न्हाई झालं. जोड निसटलाय." मोटार बंद कर, एवढंच पुढं म्हणायचं होतं. पण आप्पांचा चेहरा लहान पोरासारखा वेडावाकडा झाला. "दादा, माळावर ऱ्हायला जाऊ नगंस. तवा पंगतीत मी वंगाळ बोललो. आईनं शेवटपर्यंत तुझंच नाव घेतलं, त्येचा राग आला हुता मला."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. फोनमध्ये सासूबाईंचा आवाज आला, "आवं, बोला की त्येच्याशी! मोटारीचं मी बघते." खटका पडला. कारंजं बसलं आणि सगळं रान शांत झालं.

"न्हाई जात," आबा म्हणाले. "घर राहू दे, हे पाणी उसाला घेऊ. तू थांब तिथंच, मी आलो."

आप्पा फोन कानाला धरून ओल्या हळदीत बसून राहिले. मला रडू आवरत नव्हतं. खालून बांधाबांधानं सुभेदारसाहेब पळत येत होते. एक चप्पल पायात, दुसरी कुठं राहिली त्याचा त्यांना पत्ता नव्हता.