काचेआडची डबी

अक्काताई गेली हे बसाप्पाला डॉक्टरांनी सांगितलं नाही. चहाचा थर्मास घेऊन तो कोल्हापूरच्या दवाखान्याचा जिना चढत होता, तेवढ्यात वरून उतरणाऱ्या वॉर्डबॉयनं विचारलं, "पावणं, बॉडी कशातनं नेणार? गाडी सांगू का?"

"कुणाची बॉडी?" बसाप्पा म्हणाला.

त्या माणसानं जीभ चावली आणि भिंतीला घासून खाली पळाला. बसाप्पानं थर्मास पायरीवर ठेवला आणि वर गेला. कॉटवर चादर डोक्यापर्यंत ओढलेली होती. पोटाचं ऑपरेशन चांगलं झालं, चार दिवसांत घरी न्या, असं काल रात्रीपर्यंत सगळे सांगत होते. बसाप्पानं डॉक्टरला विचारायचं ठरवलं. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला गेलेला. नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, डॉक्टरांना विचारा. बसाप्पानं खाली जाऊन थर्मास उचलला आणि भिंतीवर आपटला. काच आत फुटल्याचा आवाज आला, तरी राग कमी झाला नाही.

जयसिंगपूरला त्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं. थोरला भाऊ राजशेखर तिकडंच होता. फोन गेल्यावर त्यानं खड्डा खणायला माणसं लावली, मठातल्या स्वामींना निरोप धाडला. लेक दानेश्वरी आणि शेजारच्या बायका ॲम्ब्युलन्समधून आईबरोबर निघाल्या. दार लावता लावता दानेश्वरीनं विचारलं, "आप्पा, आईच्या गळ्यातलं लिंग?"

"घिऊन येतो. मागोमाग हाय मी. मी आल्याबिगर मातीला हात लावू नका म्हणावं राजशेखरआण्णाला."

लिंगायताला खड्ड्यात बसवून माती देतात आणि त्याचं लिंग त्याच्या तळहातावर ठेवतात. अक्काताईचं लिंग मेहुण्याच्या गाडीत होतं. ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं अंगावरचं सगळं काढायला लावलं. बांगड्या, मंगळसूत्र अक्काताईनं मुकाट्यानं काढून दिलं. लिंगाची चांदीची डबी मात्र मुठीत धरून बसली. ती आईच्या पोटात असताना, आठव्या महिन्यात, हे लिंग तिच्या नावानं आईच्या गळ्यात बांधलं होतं. जन्मल्यावर तिच्या गळ्यात आलं, तिथून कधी उतरलं नाही. लग्न होऊन आली ती ते घेऊनच आली. शेवटी तिनं डबी पांढऱ्या फडक्यात गुंडाळली आणि बसाप्पाच्या ओंजळीत ठेवली. "मी उठलो की लगेच द्यायची," एवढंच म्हणाली.

दुसऱ्याचं लिंग कुणी गळ्यात घालत नाही. खिशात ठेवावं, तर दवाखान्यात शंभर ठिकाणी हात लागतात, संडासाला जावं लागतं. म्हणून बसाप्पानं ती डबी मेहुण्याच्या मारुतीत, डॅशबोर्डखालच्या उघड्या कप्प्यात ठेवली. गाडी नवी होती, विभूती लावून पूजा केलेली होती. अख्ख्या कोल्हापुरात तेवढीच जागा त्याला सोवळी वाटली.

मेहुणा श्रीशैल हा अक्काताईचा धाकटा भाऊ. तो आणि बसाप्पा शिवाजी पेठेत घरमालकीण बयाबाईच्या भाड्याच्या खोलीवर उतरलेले आणि गाडी तिथंच गल्लीत उभी होती. ॲम्ब्युलन्स गेली आणि दोघं रिक्षानं पेठेत आले. बसाप्पा म्हणाला, "आधी डबी घेऊ." श्रीशैल म्हणाला, "दाजी, गाडीतच बसायचंय की. पिशव्या टाकतो आनि निघूया."

त्यानं गाडी उघडली, किल्ली लावली, एक पिशवी मागं टाकली. दुसरी आणायला परत वळला आणि सवयीनं दाराचा खटका दाबून, हँडल वर धरून दार लावलं. पेठेतल्या पोरांचा त्याला भरवसा नव्हता. दार लागलं. किल्ली आत लोंबत राहिली.

"आयला," श्रीशैल म्हणाला.

बसाप्पानं काचेला नाक लावलं. कप्प्यात पांढरं फडकं दिसत होतं. हातभर अंतरावर.

गल्लीच्या तोंडाशी तालीम होती. तिथली माणसं उठून आली. कुणी न बोलावता. मारुतीभोवती कडं झालं.

"काय झालं पावणं? किल्ली आत?"

"शिवाजी पेठंत गाडीला कुलूप घालायची गरज न्हाय. कोन न्हेतंय तुमचा ह्यो पत्र्याचा डबा?"

"घातलं ते घातलं, सोताला भाईर ठिवून घातलं!"

हसले सगळे. एकानं सायकलची तार आणली, एकानं शाळेची स्टीलची पट्टी. पट्टी काचेच्या फटीतून खाली गेली आणि अडकून बसली. तिसऱ्यानं शेजारच्या डॉक्टरच्या मारुतीची किल्ली मागून आणली. मारुतीची कुठलीही किल्ली कुठल्याही मारुतीला लागते म्हणे. ती लागली, अर्धी फिरली आणि थांबली. तालमीचे जुने पैलवान हंबीरराव पुढं झाले. दाराला खांदा लावून म्हणाले, "हिला जरा हलवूया का? पोरं लावतो, उचलून आपटू."

"माज्या गाडीला आपटताय व्हय?" श्रीशैल ओरडला.

"आरं, मग गाडीत बसून रडतोस का? न्हाय, तेबी जमंना तुला. दार बंद हाय."

पुन्हा हसू झालं. बसाप्पा मधे शिरला आणि हंबीररावांची बंडी धरली. पैलवानाचा दंड त्याच्या मांडीएवढा होता. "दात काढताय? माजी बायको मेलीय आज सकाळी. तिचं लिंग हाय त्या गाडीत. तिकडं खड्डा खणून बसल्यात. हसा, हसा की आता!"

 हंबीररावांनी बंडी सोडवून घेतली नाही. डोक्यावरची टोपी तेवढी काढली. "चुकलं पावणं," ते म्हणाले. "काच फोडा. मी फोडतो."

"थांबा की," श्रीशैल आडवा आला. "दुसरी किल्ली तिकडं घरात हाय. आकारामला सांगतो, मोटरसायकलवरनं घिऊन येतोय. कशाला फोडायची? दाजी, आज मातीच्या दिवशी काच फोडनं बरं न्हवं. अक्कालाबी आवडलं नसतं."

अक्काचं नाव काढलं म्हणून बसाप्पा थांबला. हंबीररावही म्हणाले, "किल्ली येत आसंल तर बघा बाबा." बयाबाईनं खुर्ची आणून ठेवली. कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून श्रीशैलनं फोन लावला. घरातली सगळी बसाप्पाच्या दारात गेलेली. मग तिथं लावला. तो परत येऊन म्हणाला, "निघाला बघा आकाराम."

बसाप्पा खुर्चीत बसला नाही. गाडीभोवती फिरत राहिला. बयाबाईनं चहा आणला, तो त्यानं घेतला नाही. उन्हानं गाडीचा पत्रा तापला. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, काय झालंय, आणि तालमीतलं कुणीतरी त्याला बाजूला नेऊन हळूच सांगायचं. ते हळूच सांगणंही बसाप्पाला सोसेना. त्याला श्रीशैलचा राग आला, गाडीचा आला, जपानी माणसाचा आला ज्यानं असलं दार केलं. अक्काताईचाही आला. मूठ सोडली नसतीस तर! मी आडवी पडते पण हे देत नाही म्हणाली असतीस, तर त्या नर्सनं काय केलं असतं?

मोटरसायकल आली तेव्हा सावल्या गल्ली ओलांडून गेल्या होत्या. आकाराम हा श्रीशैलच्या वखारीतला माणूस. धुळीनं माखलेला, डोळे लाल. त्यानं खिशातून किल्ली काढली. श्रीशैलनं ती दाराला लावली. आत जाईना. उलटी करून लावली.

"ही कुठली आनलीस?"

"कपाटात खुंटीला हुती ती. वैनींनी हीच म्हनून सांगितलं."

"आरं भाड्या, ही टेंपोची हाय!"

"टेंपो तर तुमी गेल्या साली इकला की मालक."

"म्हनूनच म्हनतोय!"

कुणीही हसलं नाही. बसाप्पानं बयाबाईच्या दारातला पाटा-वरवंटा बघितला. वरवंटा उचलला. श्रीशैल "दाजी, दाजी" म्हणत दाराला पाठ लावून उभा राहिला.

"सरक."

"दाजी, मठात मिळतंय की दुसरं लिंग. स्वामी देतील. बसनं जाऊया, वेळ तरी—"

"सरक, न्हायतर आधी तुला घालतो."

"ती माजीबी भन हुती!" श्रीशैलचा आवाज फुटला.

"मग तिला तिचं न्हेऊन दे की! भाऊ म्हनं! आईच्या पोटात हुती तवापास्नं तिच्या अंगावर हाय ते, तू जन्माला यायच्या आधीपास्नं. आनि तू काच राखतोस व्हय रं?"

हंबीररावांनी श्रीशैलला बखोटीला धरून अलगद बाजूला केलं. पहिल्या घावाला काचेला तडे गेले, दुसऱ्याला ती खडीसाखरेसारखी खाली सांडली. बसाप्पानं आत हात घालून खटका वर केला. त्याच्या मनगटातून रक्त आलं. ते फडक्याला लागू नये म्हणून त्यानं डावा हात पुढं केला.

श्रीशैलनं गाडी पळवली. फुटक्या काचेतून वारा आणि धूळ आत येत होती. हातकणंगल्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली. बसाप्पा डोकं बाहेर काढून ड्रायव्हरांना शिव्या देत होता. इतक्या शिव्या आपल्याला येतात हे त्याला माहीत नव्हतं.

ते रुद्रभूमीवर, लिंगायतांच्या दफनभूमीत, पोचले तेव्हा माणसं परत निघाली होती. खड्डा भरलेला होता. ओल्या मातीवर बेलाची पानं होती. राजशेखर पाय धुऊन उभा होता.

"बसाप्पा, किती वाट बघायची? दिवस मावळाय आला. स्वामींना पुढच्या गावाला जायाचं हुतं."

"मी काय सांगून धाडलं हुतं?"

"सांगितलं हुतंस. पर तू यायला पायजेस न्हवं? रिकाम्या हातानं न्हाय बसीवली तिला. मठातलं लिंग दिलं तळहातावर. सगळं रीतसर झालं. लिंग ते लिंग."

जन्मभर बसाप्पानं थोरल्या भावाला तुम्ही म्हटलं होतं. "तुज्या बायकोच्या गळ्यातलं काढ," तो म्हणाला, "आनि दुसरीचं घाल. आत्ता, माज्यासमोर. घाल बघू. लिंग ते लिंग!"

राजशेखरनं मान खाली घातली. बसाप्पा गुडघ्यावर बसला आणि हातानं माती उकरायला लागला. हंबीररावांसारखं कुणी तिथं नव्हतं, पण चौघांनी मिळून त्याला उचललं. दानेश्वरी मधे आली. "आप्पा, नको," ती म्हणाली. "आई बसलीय. तिला आता हलवू नका." तो तिच्यावरही ओरडला.

तिसऱ्या दिवशी स्वामी आले. समाधी उघडता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. राहिलेलं लिंग कृष्णेत सोडा, नाहीतर मठात आणून द्या, असंही सांगितलं. बसाप्पा ऐकून घेऊन आत निघून गेला. श्रीशैलच्या गाडीला त्यानं नवी काच बसवून दिली आणि त्या गाडीत पुन्हा बसला नाही. राजशेखरच्या घरचं लग्न झालं, त्याला तो गेला नाही. आकारामचा मात्र त्याला राग राहिला नाही. त्याला दिली तीच किल्ली त्यानं आणली.

नदीत सोडायला तो दोनदा घाटावर गेला आणि दोन्ही वेळा तसाच परत आला. डबी अजून घरातच आहे. अक्काताईला तिची वस्तू परत द्यायची राहिली आहे.