उद्घाटन राहिलेलं दार

विज्ञान विभागाच्या इमारतीला दार होतं, आणि चांगलं भरभक्कम होतं. दोन्हीकडे दगडी खांब, वर कमान, कमानीत कोरलेलं सूर्यफूल. इमारत बांधून झाली तेव्हा दाराला लाल फीत बांधली, खुर्च्या मांडल्या, पण उद्घाटनाचे पाहुणे काही आलेच नाहीत. उद्घाटनाआधी दारातून जायचं कसं? तोवर म्हणून सगळे शेजारच्या खिडकीतून आत जाऊ लागले. त्या 'तोवर'मध्ये पिढ्या सरल्या. कुलगुरूसुद्धा स्टुलावर चढूनच येत.

वनस्पतिशास्त्राच्या बाईंचंही कधी अडलं नव्हतं. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी चढायला सक्त मनाई केली. घरी त्यांना करमेना. मुळं पाणी कसं पितात हा धडा अर्ध्यावर राहिला होता. रजेचा एक दिवस शिल्लक असतानाच बाई काठी टेकत आल्या आणि स्टुलापाशी अडल्या.

भौतिकशास्त्राच्या सरांनी कप्पी लावून त्यांना वर ओढायची तयारी दाखवली.

"मी काय कपाट आहे?" बाई म्हणाल्या. "सरळ फीत कापा की."

विभागप्रमुख दचकले. फीत पाहुण्यांनी कापायची असते, घरच्यांनी नाही. मग त्यांनाच सुचलं, की बाई आज रजेवर आहेत, म्हणजे आजच्या दिवस पाहुण्याच.

ताबडतोब तबकात कात्री आली. टाळ्यांच्या गजरात बाई दारातून आत गेल्या. मुलांनी भरलेलं सभागृह बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. विभागप्रमुख कानाशी लागले: पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत, मग चहा, मग निरोप.

"आणि उद्या?"

"उद्या तुम्ही घरच्याच, बाई. समारंभ संपला की दार बंद. इतकं जपलेलं दार रोज कसं वापरायचं? गुडघा बरा झाला की या खिडकीतून."

बाईंनी मान डोलावली आणि माईक हातात घेतला. पाहुण्यांचं भाषण मध्येच तोडायचं नाही, ही तिथली रीत त्यांना पक्की ठाऊक होती.

"मित्रहो," त्या म्हणाल्या, "मुळं पाणी कसं पितात, ते आपण बघत होतो."

ते भाषण अजून चालू आहे. संध्याकाळी बाई "जरा पाणी पिऊन येते" म्हणून घरी जातात आणि सकाळी दारातून येऊन पुढचं वाक्य बोलतात. मुळं झाली, खोड झालं, आता पानं चालू आहेत. विभागप्रमुख पहिल्या रांगेत ताटकळत असतात. परवा त्यांनी हात वर केला. सगळ्यांना वाटलं, आता आभार मानून मोकळे होणार.

त्यांना पानांविषयी शंका होती.