काठावरची कापडं

"मामा, परत श्वास धरला तुम्ही," ज्ञानू म्हणाला.

जोतिबांनी तोंडातला रबरी तुकडा काढला, डोळ्यांवरचा काचेचा मास्क कपाळावर सरकवला आणि विहिरीची पायरी दोन्ही हातांनी धरली. पाणी छातीपर्यंतच होतं. पायाखाली दगड होता. तरी त्यांनी पायरी सोडली नाही.

"न्हाई धरला."

"मग बुडबुडं कुठं गेलं? श्वास सोडला की बुडबुडं येत्यात. तुमचं डोकं पाण्यात गेलं की समदं चिडीचूप. मला वाटतं म्हातारं गेलं का काय."

"म्हातारा कुणाला म्हनतो? रिटायर व्हायला अजून वर्ष हाय."

"मग तेवढं वर्ष तरी काढा. श्वास घ्या."

ज्ञानू नौदलात पाणबुड्या होता. पंधरा वर्षांची नोकरी संपवून तो गावी परतला आणि आजूबाजूच्या गावांत त्याचा वेगळाच धंदा सुरू झाला. कुणाची मोटार विहिरीत पडली, कुणाचा पाइप भीमेच्या डोहात अडकला, की त्याला बोलावणं येई. कधी पोलिसही बोलवत, पण त्या कामांबद्दल तो बोलत नसे. त्याच्याकडे हवेच्या तीन टाक्या होत्या, त्या तो पुण्याहून भरून आणी. माणसाला पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवायचं काम त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं, तेही दौंडच्या रेल्वे कॉलनीतून.

याला कारण प्राची. जोतिबांची ही एकुलती एक मुलगी रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरीला होती आणि कारेगावात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. त्या वर्षी तिच्या कंपनीनं तिला बक्षीस म्हणून जहाजाची दोन तिकिटं दिली. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. तिथल्या एका बेटावर उथळ समुद्रात नवशिक्यांना पाठीला टाकी बांधून तळाशी नेतात, रंगीत मासे दाखवतात. प्राचीनं दोघांची नावं देऊन टाकली, तिचं आणि बाबांचं.

"आईला एसटीतच उलटी होते, तिला जहाजावर कुठं नेऊ?" ती म्हणाली होती. "आणि तुम्हाला काय बाबा, तुम्ही तर थोरल्या विहिरीत वरून सूर मारायचात."

"व्हय की," जोतिबा म्हणाले होते.

त्या रात्री सुरेखाबाईंनी भाकरीचं पीठ मळता मळता विचारलं, "पोरीला सांगून का टाकत न्हाई? काय जीव घेणार हाय का ती तुमचा?"

"सांगीन."

"कवा? बुडाल्यावर?"

गोष्ट जुनी होती. प्राची लहान असताना क्वार्टरमधली वीज जायची, तेव्हा ती त्यांच्या मांडीवर येऊन बसायची आणि गोष्ट मागायची. राजाराणीच्या गोष्टी त्यांना येत नव्हत्या. मग त्यांनी वडगाव रासाईची थोरली विहीर सांगितली. चिंचेच्या फांदीवरून मारलेले सूर सांगितले. पाठीला वाळका भोपळा बांधून पोरं पोहायला कशी शिकतात ते सांगितलं. सगळ्यात मोठी पैज तळाच्या मातीची असे. बुडी मारायची, तळाची माती मुठीत घ्यायची आणि वर येऊन सगळ्यांसमोर मूठ उघडायची. माती नसेल तर तळाला गेलास यावर कुणी विश्वास ठेवत नसे. हे सगळं खरं होतं. प्रत्येक गोष्ट त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली होती. फक्त सूर मारणाऱ्या पोराचं नाव, "खंडू", म्हणायच्या ठिकाणी ते "मी" म्हणत गेले.

पोहता येत नाही हे सांगणं अवघड नव्हतं. पण ते सांगितलं की पोर विचारणार, का नाही शिकलात, विहीर तर तिथंच होती. आणि मग तिच्या मनात चिंचेवरून सूर मारणारा जो पोरगा होता, त्याला तिथून उठवावं लागणार.

ज्ञानूनं फोनवर ठिकाण सांगितलं तेव्हाच खरं तर त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. "वडगाव रासाईच्या थोरल्या विहिरीवर या मामा. पाणी काचेसारखं हाय आन् आत उतरायला पायऱ्या हायत. दुसरीकडं दोराला लटकावं लागंल." ज्ञानू पलीकडच्या वाडीचा, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. जोतिबा दर एप्रिलला जयंतीला गावी येत, विहारात वंदना होई, भावकीत जेवण होई. पण विहिरीकडे ते अठराव्या वर्षानंतर फिरकले नव्हते. दुसरी विहीर बघ म्हणावं, तर कारण सांगावं लागलं असतं.

आज शिकवणीचा तिसरा रविवार होता. मंगळवारी जहाज.

"तुम्ही रेल्वेत काय करता वो?" ज्ञानूनं विचारलं. तो पायरीवर बसून टाकीचा पट्टा आवळत होता.

"कॅरेजला. फिटर."

"म्हंजी?"

"मनमाडकडं जाणाऱ्या गाड्या दौंडला तोंड फिरवत्यात. इंजन काढायचं आन् दुसऱ्या टोकाला लावायचं. इंजन काढायच्या आधी मधला हवेचा पाइप सोडवायचा. ब्रेकचा. आधी कॉक, म्हंजी हवेची तोटी, बंद करायचा, मग पाइप सोडवायचा. तरी आत जरा हवा राहतीच. ती सुटती फस्सदिशी. गंज, खडी, समदं तोंडावर."

"मग काय करता?"

"काय करणार? तोंड फिरवायचं, डोळं मिटायचं, श्वास धरायचा."

बोलता बोलता ते थांबले. ज्ञानूही त्यांच्याकडे बघत राहिला. मग हसू लागला.

"मामा, ह्यो तुमचा दोष न्हाई, तुमच्या ड्युटीचा हाय. हितं हवा तोंडाशी फस्स करती आन् तुमचं अंग म्हनतं, आलं इंजन." तो पाण्यात उतरला. "तिथं तुम्ही पाइप सोडवता. हितं पाइप तुम्हालाच जोडलाय. सोताला डबा समजा."

जोतिबांना ते पटलं. पाइप जोडला, दोन्हीकडचे कॉक उघडले, की हवा शेवटच्या डब्यापर्यंत वाहते आणि तेव्हाच चाकं मोकळी होतात. हवा तुटली की ब्रेक लागतो. हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. त्यांनी तुकडा दातांत धरला आणि डोकं पाण्यात घातलं. फस्स झालं. चार बुडबुडे वर आले. मग चिडीचूप.

त्यांनी डोकं वर काढलं तेव्हा ज्ञानू हसत नव्हता.

"ऐका मामा. खाली जाऊन श्वास धरला आन् तसंच वर आलात, तर आतली हवा फुगती. फुफ्फुस फाटतं. मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही असं करत असाल तर मी तुम्हाला तळाला न्यायचो न्हाई. आन् तिकडचं लोकबी न्यायचं न्हाईत. पायरीवरनंच परत पाठवतील, पोरीसमोर. आज जमलं तर जमलं."

जोतिबांनी मान हलवली.

वर विहिरीच्या काठाला कस्तुराबाई येऊन बसली होती. विहीर तिच्या घरची. नव्वदीला टेकलेली म्हातारी, सुपात तूर निवडत उन्हाला बसली होती. पाण्यात काय चाललंय याचं तिला फारसं कौतुक दिसत नव्हतं. ज्ञानू रोजच कुठल्या तरी विहिरीत असायचा.

तेवढ्यात रस्त्याकडून स्कूटी थांबल्याचा आवाज आला. जोतिबांनी तो आवाज ओळखला.

"बाबा," प्राचीनं कठड्यावरून वाकून बघितलं. "माझ्याआधीच रंगीत तालीम? आईनं फोनवर सांगितलं म्हणून कळलं. शिरूरची भजी आणलीत, गार व्हायच्या आत वर या."

"येतो येतो," जोतिबा म्हणाले. "तू कशाला आलीस एवढ्या लांब?"

"विहीर बघायला. इतकी वर्षं नुसती ऐकतेय." ती कस्तुराबाईच्या शेजारी टेकली. "आजी, माझे बाबा याच विहिरीत पोहायला शिकलेत. चिंचेवरून सूर मारायचे. चिंच कुठाय?"

"ती बघ की पलीकडं, निम्मी वठलीया." म्हातारीनं कपाळावर हात आडवा धरून खाली बघितलं. "बाप कोन म्हनलीस?"

"जोतिबा. शंकररावांचे जोतिबा."

सूप थांबलं.

"शंकरचा जोत्या व्हय रं त्यो?" म्हातारीचा चेहरा खुलला. "अगं, त्यो कुठं पोहायचा. त्यो बाभळीखाली बसायचा, समद्या पोरांची कापडं सांभाळीत. आमचा खंडू पाण्यातनं हाळी द्यायचा, जोत्या, शेरडं बघ रं, सदरा खात्याल. लई इमानी पोरगं. एकाचाबी सदरा कधी गेला न्हाई."

"आणि पाण्यात?" प्राचीनं विचारलं.

"पाण्यात कसा यील त्यो?" म्हातारी म्हणाली. ऊन वर आलं, असं सांगावं तशी ती म्हणाली. मग तिनं पुन्हा सूप हातात घेतलं.

ज्ञानूनं मान खाली घातली आणि नीट असलेला पट्टा पुन्हा आवळला. जोतिबा पायरीला धरून उभे होते. त्यांच्या वस्तीच्या पोरांनी या पाण्यात उतरायचं नाही, असं त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नसे. आई घागर घेऊन काठापासून लांब उभी राही आणि कुणाला सवड झाली की वरून पाणी ओते. ते बाभळीखाली बसत. कापडांची घडी घालून, प्रत्येकाची वेगळी, वर एकेक दगड ठेवून. कापडं सांभाळायला बसलं की विहिरीपाशी थांबायला कारण मिळायचं.

त्यांनी वर बघितलं नाही. पोरीची पावलं पायऱ्यांवर वाजली. तिनं कारखान्यातले बूट वरच काढले होते. पाण्याच्या वर तीन पायऱ्या सोडून जोतिबांचे कपडे ठेवलेले होते. पँट, सदरा, बनियन, वर चष्मा आणि घड्याळ. पाणी उडून सदऱ्याची कड ओली झाली होती.

प्राची त्यांच्यासमोर क्षणभर उभी राहिली. लहानपणी दिवे गेल्यावर ती तोंडाकडे बघायची, तशी बघत राहिली.

"हे भिजतंय," ती म्हणाली. तिनं खाली वाकून कपडे उचलले, चष्मा आणि घड्याळ ओढणीच्या टोकात बांधलं. "मी वर बसते. तुम्ही जाऊन या."

"प्राची, मी तुला..."

"भजी गार होतायत, बाबा. जाऊन या."

ती पायऱ्या चढून गेली. वर तिचा आवाज आला, अगदी हळू, पण विहिरीत आवाज घुमतो.

"आजी, बाभळ कुठं होती?"

कस्तुराबाईनं काय दाखवलं ते खालून दिसलं नाही.

ज्ञानूनं मास्क त्यांच्या डोळ्यांवर बसवला, टाकीच्या काट्यावर नजर टाकली आणि भिंतीच्या खुंटीला बांधलेला दोर त्यांच्या हातात दिला. जोतिबांनी तुकडा दातांत धरला. पायरी सोडली.

पाणी डोक्यावरून मिटलं. कानाशी फस्स झालं आणि अंग आखडलं, छाती तशीच भरून थांबली. समोर ज्ञानूनं बोट हलवलं, बाहेर, बाहेर. त्यांना हवा सोडायची होती, पण आतून कुणीतरी कॉक गच्च आवळून धरला होता. मग तो सुटला. कसा ते त्यांना नंतरही सांगता आलं नसतं. भरभरून बुडबुडे सुटले, गालांना गुदगुल्या करत वर गेले. त्यांनी श्वास घेतला. सोडला. परत घेतला. दोर हातातून सरकत होता. कान दुखले तेव्हा ज्ञानूनं शिकवलं तसं मास्कवरून नाक धरून त्यांनी जोर केला. बाजूच्या भिंतीतले दगड हिरवे होत होत काळे झाले. पाणी गार होत गेलं.

पाय मऊ गाळाला टेकले.

आवाज फक्त त्यांच्या श्वासाचा होता. एका कोपऱ्यात तोंडापर्यंत रुतलेली घागर होती, तुटलेला रहाटाचा गडगडा होता. गुडघे टेकून त्यांनी हात खाली घातला. माती त्यांना वाटली होती तशी चिकट नव्हती, दळलेल्या पिठासारखी होती. त्यांनी मूठ भरली आणि मान वर केली.

विहिरीचं तोंड तिथून परातीएवढं दिसत होतं. कडा हलत होत्या, ऊन हलत होतं. चष्मा नव्हता, वर पाणी होतं, ओळखू येईल असं काहीच नव्हतं. तरी काठाच्या एका बाजूला एक लहानशी काळी आकृती दिसत होती. मांडीवर काहीतरी घेऊन, पुढं वाकून बसलेली.

पाण्यातनं कापडं सांभाळणारा असा दिसत असे तर.

जोतिबांनी मूठ घट्ट मिटली आणि श्वास सोडला. बुडबुडे एकामागून एक तिच्याकडे निघाले.