बाबांची संमती

आमच्या घरी श्राद्धाचं ताट बाबा स्वतःच मांडून घ्यायचे. मेल्यानंतरही. यंदापर्यंत.

कोरियातल्या आमच्या आन्दोंग शहरात श्राद्धाच्या मांडणीवरून भाऊबंदांची तोंडं वर्षवर्ष फिरलेली असतात. म्हणून वीस वर्षांपूर्वी, 'बोमनाल' नावाच्या संकेतस्थळावर जो तो व्हिडिओ टाकत होता तेव्हा, पोस्टातून निवृत्त झालेल्या बाबांनी मला कॅमेरा धरायला लावला आणि अकरा मिनिटं मांडणी समजावून सांगितली. मासा कुठे, मांस कुठे, खजूर आधी की चेस्टनट. त्यातली निम्मी मिनिटं ते आईवरच डाफरत होते. "अगं, माशाचं तोंड पूर्वेला. तीस वर्षांत पूर्व काही हलली नाही, तूच तेवढी हलवतेस."

लाखभर लोकांनी ते पाहिलं. सोलच्या नव्या सुना त्यांना शंका विचारायच्या आणि बाबा प्रत्येकीला उत्तर द्यायचे. नंतर लोक दुसरीकडे गेले, बोमनाल तीनदा विकलं गेलं आणि बाबाही गेले. पण दर श्राद्धाला आई उदबत्तीशेजारी फोन टेकवून तो व्हिडिओ लावायची. मांडणी तिला तोंडपाठ होती. तिला बोलणी खायची असायची.

यंदा मे महिन्यात तिने बोट लावलं तर पडद्यावर नुसती सूचना. सेवा बंद होत आहे, प्रक्षेपण थांबवलं आहे, खातेदारांनी तीस जूनपर्यंत आपापले व्हिडिओ उतरवून घ्यावेत. आधीची पत्रं म्हणे पाठवली होती. कुठे, तर बाबांच्या बोमनालवरच्या निरोपांच्या पेटीत.

उतरवून घ्यायचं तर खातेदाराच्या नावावरच्या मोबाइलवर परवलीचा आकडा येणार. आणि जोंगह्वानदादाने बाबांचा मोबाइल अंत्यविधीनंतर तिसऱ्याच दिवशी बंद केलेला. थोरल्या मुलाने कसं सगळं वेळेत निस्तरलं, म्हणून सगळ्या गल्लीने त्याचं कौतुक केलं होतं. मीही केलं होतं. आता तो माझ्याकडे बघेना.

मृत्यूचा दाखला, कुटुंबाचा दाखला, आईचं ओळखपत्र असं सगळं घेऊन मी तीन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करत बोमनालच्या कचेरीत गेले. समोरची बाई कमरेत वाकून वाकून बोलत होती. त्या वाकण्याचाच मला जास्त संताप आला.

"खातेदारांची संमती लागेल," ती म्हणाली.

"खातेदार डोंगरावर पुरलेत. तुम्ही जाऊन विचारता का?"

"त्यांच्या खासगीपणाची जपणूक हे आमचं कर्तव्य आहे."

लाखभर लोकांनी पाहिलेल्या माणसाचं खासगीपण! ते जपायचं कुणापासून, तर ज्या बायकोवर तो त्यात ओरडतोय तिच्यापासून. मी विचारलं, व्हिडिओ आहे ना तुमच्याकडे? आहे, म्हणाली. या इमारतीत? ते सांगता येणार नाही. मी आवाज चढवला तेव्हा तिने मला बार्लीचा चहा दिला आणि तक्रारीच्या अर्जावर माझा नंबर लिहून घेतला. तीस जूनपर्यंत मी रोज फोन केला. रोज नवा माणूस आणि रोज तीच संमती.

एक जुलैला सकाळी माझ्या त्या नंबरवर बोमनालचा निरोप आला. आई मुळा चिरत होती. काय आलंय ते वाच, म्हणाली. निरोप बाबांच्या नावाने होता. मी वाचून दाखवलं.

"माननीय श्री. क्वोन ब्यंगदो, इतकी वर्षं आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार. दिलेल्या मुदतीत आपल्याकडून उत्तर न आल्यामुळे आपली संमती गृहीत धरून आपले सर्व व्हिडिओ कायमचे पुसण्यात आले आहेत."

म्हणजे द्यायला मेलेल्याची संमती हवी होती आणि पुसायला त्याचं गप्प राहणं पुरलं. मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. दादा दारात उभा राहून ऐकत होता, त्यालाही सोडलं नाही.

आईने सुरी खाली ठेवली. निरोप पुन्हा एकदा वाचायला लावला.

"उत्तर आलं नाही म्हणतात?" ती म्हणाली. "ह्या माणसाने जन्मात कधी कुणाला उत्तर दिल्याशिवाय सोडलं नाही गं."