पालथा चमचा

मी एक जुना चमचा आहे, मित्रांनो. ताटाशेजारी मिरवणारा नव्हे, स्वयंपाकघरात चव बघण्याचा. चमच्याला बोलता येते याचा माझ्याकडे कोणताही पुरावा नाही. तरीही तुम्ही ऐकत आहात, म्हणून आधी तुमचे आभार मानतो. माणसे एकमेकांना ‘चमचा’ म्हणून हिणवतात, हे मला ठाऊक आहे. मी मात्र आयुष्यात कोणाची खोटी स्तुती केलेली नाही. माझ्या कामात तिला जागाच नव्हती.

स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यातून एका यंत्राने मला कापले, दुसऱ्याने दाबून खोलगट केले आणि एका कारागिराने फिरत्या चाकावर माझ्या कडा घासून गुळगुळीत केल्या. त्याचा चेहरा मला आठवत नाही. परंतु इतक्या वर्षांत माझ्या कडेने एकही ओठ कापला गेला नाही, याचे श्रेय त्याचे आहे.

विजेचे पंखे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी कामाला लागलो. तेथील मुख्य स्वयंपाकिणीला सगळे तोंडावर ‘मावशी’ आणि पाठीमागे ‘मुकादम’ म्हणत. भिंतीवर धूर ओढणारा पंखा होता. पंख्यांच्याच कारखान्यातला असूनही तो इतका खडखडे, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे. म्हणून मावशींनी एक रीत पाडली होती. पातेले उतरवण्यापूर्वी त्या माझ्यात थोडे वाढून घेत, फुंकर घालत आणि चव बघत. काही कमी असेल तर मला ओट्यावर सुलटा ठेवत. सगळे जमले असेल तर पालथा. मी पालथा पडलो की मदतनीस बाई पातेले उचले. मी सुलटा असताना प्रत्यक्ष कारखान्याचे मालक आले, तरी त्यांना थांबावे लागे. एवढा अधिकार गाजवणारे चमचे जगात थोडेच असतील. संध्याकाळी मावशी मला धुऊन, पदराला पुसून, पिशवीतून घरी नेत. ‘हा दुसऱ्याच्या हाती लागला तर चहा ढवळायला जाईल,’ असे त्या म्हणत.

मग मावशी आजारी पडल्या. ताप, खोकला, छातीत कळ. डॉक्टरांनी फुप्फुसात जंतुसंसर्ग असल्याचे सांगून औषधे सुरू केली. मावशींचे अन्न मात्र तुटले. त्यांचे पती त्याच कारखान्यात फिटर होते आणि सगळ्या जगाकडे यंत्र म्हणूनच पाहत. त्यांनी मावशींच्या पद्धतीने भाज्यांचे सूप केले आणि उशाशी बसून मला पुढे केले.

“अगं, इंधनच घातलं नाही तर इंजिन चालणार कसं?”

“नको हो. वासानंच ढवळतंय.”

“तुझंच सूप, तुझाच चमचा. आता तरी घे! माझ्यासाठी घे.”

मावशींनी त्यांच्यासाठी घेतले आणि घेतलेले सगळे उलटून पडले. त्यानंतर मी नुसता दिसलो, तरी त्या तोंड फिरवू लागल्या. फिटरकाका बिचारे काकुळतीला आले.

“जन्मभर लोकांना ताट स्वच्छ करायला लावलंस. आता स्वतःच हट्ट करतेस होय?”

त्याच दिवशी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. काकांची तक्रार त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“काका, हा हट्ट नाही. भूक पोटात लागते असं आपल्याला वाटतं, पण तिचा निवाडा मेंदूत होतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. तिथल्या काही पेशी भूक चेतवतात, काही तिला लगाम घालतात. जठर रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं रसायन रक्तात येतं आणि भूक चेतवणाऱ्यांना जागं करतं. शरीरातल्या चरबीतून लेप्टिन येतं, ते सांगतं की साठा पुरेसा आहे.”

“मग आता बिघडलं कुठं?”

“बिघडलेलं नाही. जंतूंशी लढणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. त्यांचा निरोप मेंदूला पोचला की लगाम आवळला जातो. जठर रिकामं, तरीही भूक नाही.”

“पण शरीरानं स्वतःच्याच पोटावर का मारावं?”

“त्यात काही फायदा असावा असं काहींना वाटतं. अंदाज आहेत, पक्कं उत्तर अजून नाही.”

या शेवटच्या वाक्यामुळे माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला.

“म्हणजे उपाशीच ठेवायचं?” काका घाबरले.

“मुळीच नाही. पाणी, पातळ पदार्थ, जमेल तसं थोडं थोडं. गार चालेल, गार अन्नाला वास कमी येतो. पोटात काहीच टिकेना, तर मला लगेच कळवा. आणि हे सूप व हा चमचा तूर्त नजरेआड करा. मळमळीच्या वेळी जे तोंडात गेलं, त्यालाच मेंदू गुन्हेगार ठरवतो. एकदा झालं तरी पुरतं. साक्षीपुरावा तो बघत नाही!”

माझी रवानगी सुतळी, मेणबत्त्या आणि गंजलेल्या पान्यांच्या खणात झाली. आरोप खोटा होता. शिक्षा मात्र योग्य होती. म्हणून मी कुरकुर केली नाही.

औषधांनी ताप उतरला. एके दुपारी खणाच्या फटीतून मला मावशींचा आवाज ऐकू आला.

“काय खातेस गं?”

“पेअर. देऊ?” त्यांच्या मुलीने विचारले.

“अर्धं दे. … थांब, सगळंच दे.”

फिटरकाका लगबगीने मोरीपाशी गेले आणि मुळात घट्ट असलेला नळ बराच वेळ घट्ट करत बसले.

भूक परतली; सुपाचा तिटकारा मात्र गेला नाही. मदतनीस बाई भेटायला आली, तेव्हा ती रडकुंडीला आली होती.

“मावशी, या हो आता. परवा मी दुसराच एक चमचा पालथा ठेवला, तर जेवताना लोक म्हणाले, चमचा राहू दे, तुझी अक्कलच पालथी आहे!”

“येऊन काय करू? त्या सुपाचं नाव काढलं तरी कालवतं. चव न बघता चमचा पालथा ठेवू? लोक माझ्या भरवशावर जेवतात गं. त्यापेक्षा काम सोडलेलं बरं.”

हेच काम मावशींनी उमेदीची सारी वर्षे केले होते, आणि माझ्याही आयुष्याला दुसरा अर्थ नव्हता.

काही दिवसांनी मुलीला कुंडीतली माती उकरायची होती. तिने खण उघडला आणि हाताला लागलो तो मी.

“अगं कार्टे! चव बघायचा चमचा तो! मातीत घालतेस?”

“मग? तुला तर तो बघवतही नाही ना?”

मावशींनी मला हिसकावून घेतले, खसाखसा घासले, उजेडात धरून पाहिले आणि मग आपल्या हातात काय आहे हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी तोंड फिरवले नाही. रागाने गुण आला, असे मी म्हणणार नाही. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये. मधल्या दिवसांत तिटकारा आपोआप ओसरत आला असणेही शक्य आहे. त्यांनी माझ्यात साधे पाणी घेऊन पाहिले. दुसऱ्या दिवशी दही, मग भात. सुपाचा आग्रह कोणी केला नाही, याबद्दल मी त्या घराचा ऋणी आहे.

अखेर मावशी कॅन्टीनमध्ये आल्या. पातेल्यात तेच सूप होते. पंखा खडखडत होता. फिटरकाका तेलकट हातांनी दारात उभे होते. मावशींनी माझ्यात थोडे घेतले, फुंकर घातली, डोळे मिटले आणि प्याल्या. मग मला ओट्यावर ठेवले. सुलटा.

मदतनीस बाईचा चेहरा पडला. ती त्यांच्या कानाशी ओरडली, “मावशी, मळमळतंय का?”

“मळमळतंय कुठलं! मीठ विसरलीस तू!”

काका इतक्या मोठ्याने हसले, की पंख्याचा आवाज प्रथमच कमी पडला. मीठ पडले, ढवळले गेले, पुन्हा चव घेतली गेली. आणि मी पालथा पडलो. पालथे पडल्यावर मला काही दिसत नाही; पण थाळ्या मांडल्याचा आवाज ऐकू येतो, आणि तेवढा मला पुरतो.

मित्रांनो, घरातले आजारी माणूस ताट दूर सारू लागले, तर त्याला हट्टी म्हणू नका. जवळ बसा, थोडे थोडे विचारा आणि डॉक्टरांना सांगा. स्वतःला कडकडून भूक लागेल, तेव्हा डोक्यातल्या त्या चिमुकल्या पेशींचे मनोमन आभार माना. जेवण झाले की चमचा धुऊन, पुसून ठेवा. सुलटा ठेवायचा की पालथा, हे मात्र दुसऱ्याचे मन राखण्यासाठी ठरवू नका. खरी चव घेऊन ठरवा.