हात सोडवण्याचे धडे

रविवारी दुपारी धाकटा भाऊ पत्ते कुटायला बाहेर पडला की ताई स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवायची आणि भावजयीचं मनगट पकडायची. खेळातल्यासारखं नाही, चांगलं करकचून.

"सुटून दाखव."

भावजय जीव खाऊन मागे ओढायची आणि तिथल्या तिथे लोंबकळायची.

"चार बोटांशी कुस्ती खेळू नकोस गं. चौघं एका बाजूला आणि अंगठा बिचारा एकटा. जिथे तो एकटा आहे, तिथूनच निसटायचं. कोपर वाकव, आणि दे झटका."

ताई मनोरुग्णालयात बायकांच्या वॉर्डात मदतनीस होती. पेशंटला इजा न करता स्वतःला कसं सोडवून घ्यायचं, हे तिथे दरवर्षी नव्याने शिकवतात. केस धरले तर ओढाताण करायची नाही. धरणाऱ्याचा हात आपल्याच डोक्यावर दोन्ही हातांनी दाबून ठेवायचा आणि त्याच्या अंगाजवळ सरकायचं. गळ्यावर हात आला तर हनुवटी छातीला टेकवायची, खांदे वर घ्यायचे आणि वळायचं. कोपऱ्यात कधी उभं राहायचं नाही. खोलीत पाऊल टाकताना आधी दार बघायचं, मग माणूस. हे सगळं ताई आता भावजयीला शिकवत होती, आणि ते स्वतःच्या सख्ख्या भावाच्या तावडीतून सुटण्यासाठी. कुणाची नणंद दागिने देते, कुणाची टोमणे देते. ताईकडे देण्यासारखं एवढंच होतं.

धाकटा म्हणजे घरात वाघ आणि बाहेर शेळी. कारखान्यात साहेबासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, शेजाऱ्यांची पाण्याची पिंपं उचलून द्यायला मात्र सगळ्यांत पुढे. लोक म्हणायचे, असा मुलगा शोधून सापडायचा नाही. सापडला होता ना, भावजयीलाच सापडला होता.

आई उंबरठ्याशी मटार सोलत हे सगळं बघत बसायची.

"शिकवा, शिकवा. घर मोडायची शाळा काढा."

"घर कोण मोडतंय, आई?"

"चिडका आहे तो, मला का माहीत नाही? पण मनाने वाईट नाही. नंतर रडतो बिचारा."

"मग त्याला सांग, आधीच रडून घेत जा म्हणावं."

भावजयीला हसू फुटलं आणि तिने पटकन ओठावर हात ठेवला. ओठ अजून भरला नव्हता.

आणि उगाच कुणाच्या नावाने खडे फोडू नयेत. आईचा सुनेवर जीव होता. पाठीला शेक तीच द्यायची, मलम तीच लावायची, गरम दुधाचा पेला हातात देऊन तो संपेपर्यंत समोर बसून राहायची. भावजयीला लहानपणापासून आई नव्हती. ती म्हणायची, "ताई, सख्ख्या आईनेही एवढं केलं नसतं." मारणाराही आमचाच आणि मलमही आमचंच, हे ताईच्या जिभेवर यायचं आणि ती ते गिळायची.

पोलिसांत जाऊ, माझ्या खोलीवर राहायला ये, असं ताईने हजार वेळा सांगून झालं होतं. खोली पायी दहा मिनिटांवर होती. तिथे एक खाट भावजयीसाठी रिकामी ठेवलेली होती, तिच्यावर धुतलेली चादर होती. भावजयीचं पालुपद एकच, पुन्हा हात उचलला तर निघेन. शेवटी ताईने तेच धरून बसायचं ठरवलं. पुन्हा हात उचलला की हात सोडवायचा, दार गाठायचं, रस्त्यावर यायचं आणि सरळ खोली गाठायची. चप्पलसुद्धा शोधायची नाही.

"उशीखाली सुरी ठेवू का?" भावजयीने एकदा हळूच विचारलं.

"मुळीच नाही. हातातली वस्तू मालक बदलायला वेळ लावत नाही. आणि तू वार केलास तर उद्या कोर्टात तुलाच उभं करतील. स्वतःला वाचवण्यापुरता जोर लावायचा, तो कायद्याने आपला. त्याच्यावर एक टोला नाही. आपल्याला सुटायचंय, जिंकायचं नाहीये."

सुरीऐवजी तिने वॉर्डातली एक जुनी शिट्टी तिच्या गळ्यात घातली. वॉर्डात शिट्टी वाजली की हातातलं ताट टाकून सगळे धावतात. सर्वांत आधी पोचायचा तो वॉर्डबॉय 'पहिलवान'. हा पहिलवान म्हणजे वाऱ्याने उडेल असा काडीपैलवान, पण कधी चुकला नाही. ताईच्या अंगात हे इतकं मुरलं होतं, की शिट्टी वाजली आणि कुणी आलं नाही, असं होऊ शकतं हे तिच्या मनातही आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात, संध्याकाळचा चहा वाटून होत असताना वॉर्डात ताईला फोन आला. आईच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणारी शिवणवाली बोलत होती.

"ताई, तुमच्या घरातून मघाशी शिट्टी वाजत होती. मी खाली वाकून विचारलं, तर तुमच्या आई म्हणाल्या, पाहुण्यांची पोरं खेळतायत. पण मला पोरं काही दिसली नाहीत. आणि आता शिट्टीही बंद आहे."

ताई गणवेशातच धावत सुटली. आई घराबाहेर पायरीवर बसली होती, दाराला पाठ लावून, मांडीवर हात ठेवून. रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी "काय, बरंय ना?" विचारलं आणि तिने मान हलवून "बरंय" म्हटलं. तिच्या डोक्यावर दाराची कडी बाहेरून घातलेली होती.

"ऊठ," ताई म्हणाली.

"थांबेल आता. थांबतो तो."

ताईने आईला काखेत हात घालून उचललं आणि बाजूला ठेवलं. वॉर्डात अशी किती माणसं तिने उचलली होती. कडी काढून दार ढकललं तर ते अर्ध्यावर अडलं. दारामागे भावजय पडली होती. धाकटा पलंगावर बसून हुंदके देत होता. "पडली ती, ताई," तो म्हणाला. ताईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने आधी भावजयीचा श्वास बघितला.

जबडा, दोन बरगड्या, डावा डोळा. डोळ्याचं आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. धाकट्याला पोलीस घेऊन गेले.

दोन दिवसांनी जबाब घ्यायला महिला पोलीस यायची होती. त्याआधी आईने ताईला हॉस्पिटलच्या जिन्याच्या कोपऱ्यात गाठलं.

"कडीचं बोलू नकोस. लाकूड फुगलं होतं, दार अडकलं होतं म्हण."

"का लावलीस?"

"बाहेर पळाली असती तर उभ्या गल्लीने तमाशा बघितला असता. त्याची नोकरी गेली असती. मग दोघं खाणार काय? मी दर वेळी लावते. पाच-दहा मिनिटं बाहेर बसते, तो शांत झाला की काढते. आजवर कुणाला कळलं का? तिलाही नाही. ती कधी दाराकडे यायचीच नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसायची, आणि दोन-चार फटक्यांवर निभावायचं." आईचा आवाज फुटला. "दाराकडे पळायला तू शिकवलंस."

आई खोटं बोलत नव्हती, हेच वाईट होतं. हात सुटला म्हणूनच तो पिसाळला होता. वॉर्डातला अर्धा धडा तिने घरात आणला होता. दार उघडं असणं आणि कुणीतरी धावून येणं, हा उरलेला अर्धा वॉर्डातच राहिला होता.

"मला तुरुंगात पाठवशील या वयात?" आईने विचारलं. ताई भावजयीच्या खोलीकडे वळली. आई तिच्या मागोमाग खोलीच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

महिला पोलीस खुर्ची ओढून बसली. भावजयीचे दात तारेने बांधले होते. शब्द फटीतून गळत यायचे, पण कळायचे. ताईला बघून तिचा उघडा डोळा चमकला.

"ताई, जमलं मला. पहिल्या झटक्यात हात सुटला. अंगठ्याकडून."

"हो का गं," ताई म्हणाली.

"मग शिट्टी वाजवली. ती त्याने ओढून घेतली. पण दाराला पोचले होते मी. दारच उघडेना. ओढायचं की ढकलायचं, तेच समजेना. रोजचं दार, आणि ऐनवेळी विसरले बघा." तिने पोलीसबाईकडे मान वळवली. "माझंच चुकलं. ताईंनी नीट शिकवलं होतं."

पोलीसबाईने ताईकडे बघितलं. "दार अडकलं होतं का? तुम्ही बाहेरून उघडलंत ना?"

दाराशी आई उभी होती. पदरात तोंड नाही, डोळ्यांत पाणी नाही, नुसती उभी. या बाईने ताईला जन्म दिला होता, तापात रात्र रात्र उशाशी बसली होती. आणि इथे खाटेवर एक पोर स्वतःलाच दोष देत पडली होती. हा दोष तिला जन्मभर पुरला असता.

ताई खाटेच्या कडेवर बसली. पोलीसबाईला नाही, तिने भावजयीलाच सांगितलं.

"तुझं काहीही चुकलं नाही. दार उघडणारच नव्हतं. बाहेरून कडी होती."

"कडी? कुणी घातली?"

"आईने. ती बाहेर पायरीवर बसली होती. मी येईपर्यंत."

लिहिता लिहिता पोलीसबाईचा हात थांबला. भावजयीने नजर छताकडे वळवली. तिने दाराशी उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं नाही. ओठ हलले, तेव्हा ताईला वाकून ऐकावं लागलं.

"मी त्यांनाच हाका मारत होते, ताई."