नाव घातलेले चमचे

आनंदीबाई जाऊन आठ दिवस झाले, तरी सरुबाईचा राग काही उतरत नव्हता. वयच झालं होतं, असं सगळे म्हणाले. वय म्हणे! जुलाबांनी पिळून निघाल्या होत्या बिचाऱ्या. मांजरी गावच्या त्या वृद्धाश्रमात बारा वर्षं सगळ्यांचं हगणं-मुतणं काढणाऱ्या सरुबाईला कुणी काही सांगायला नको होतं.

डॉक्टर नीरजाने तेव्हाच बजावलं होतं, "हे हातातोंडातून पसरतं. ज्याचा चमचा त्यालाच, आणि हात साबणाने धुवायचे." सरुबाई भांड्यांच्या दुकानात ठाण मांडून बसली आणि प्रत्येकाच्या चमच्यावर नाव घालून आली. चमचे सोळाच झाले. सतरावा आता लागणार नव्हता.

आज हिंदुराव आले होते. पूर्वी त्यांचा ऊस जिथे डोलायचा, तिथे आता त्यांच्याच इमारती उभ्या होत्या. दरवर्षी आईच्या तिथीला ते आश्रमात येत आणि आईच्या चांदीच्या चमच्याने म्हाताऱ्यांना खीर भरवत. पुण्य ते पुण्य, वर फोटो.

सोनबांना सकाळपासून तीनदा जुलाब झाले होते. त्यांचे कपडे धुऊन, हात घासून सरुबाई बाहेर आली आणि जागीच थिजली. तोच एक चमचा खाटेखाटेने फिरत होता. सोनबा सातवे. त्यांच्या तोंडातून निघालेला चमचा पुन्हा वाटीत बुडाला आणि आठव्या खाटेवरच्या अख्तरबानूंकडे वळला. त्यांची सलाईन कालच काढली होती. व्यवस्थापक मंदाकिनीबाई वाटी धरून फोटोसाठी हसत होत्या.

सरुबाईने हिंदुरावांचं मनगट धरलं. "थांबा, दादा. त्यांचा चमचा येगळा हाय."

"सरुबाई, अहो, फोटो चाललाय!" मंदाकिनीबाई दातओठ खात म्हणाल्या.

हिंदुराव मात्र हसले. "मावशी, माझ्या आईचा चमचा हाय ह्यो. परसाद समजा. परसादाला कसला इटाळ?"

"आसं? मग पयला घास लेकानं घ्यावा." सरुबाईने त्यांच्या हातातला चमचा घेतला, तीच खीर भरली आणि त्यांच्या ओठांशी नेली.

हिंदुराव झटक्यात मागे सरले. रुमाल नाकाशी गेला. "अगं, उष्टं हाय ते!"

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कळलं. फोटो काढणाऱ्याने मोबाईल खाली घेतला.

"तुमाला उष्टं, आन् ह्यांना परसाद?" सरुबाईने विचारलं. "आनंदीबाईंच्या खाटंकडं बघून सांगा की!"

खाट रिकामी होती. हिंदुराव तिकडे न बघताच निघाले. ते फाटकाबाहेर पडताच मंदाकिनीबाई कडाडल्या, "उद्यापासून कामावर येऊ नका!"

"उद्याचं उद्या. आधी डॉक्टरला बोलवा. ह्या आठवड्यात कोण आजारी पडलं, तर मी गप बसणार न्हाई."

तिने पुन्हा हात धुतले आणि अख्तरबानूंचा चमचा उकळत्या पाण्यातून काढून आणला. ती पेज भरवत असताना अख्तरबानूंनी विचारलं, "सरू, उद्या कोण भरवणार मला?"

सरुबाईने चमचा त्यांच्या मुठीत दिला आणि त्यांचा अंगठा कोरलेल्या नावावर टेकवला.

"कुणीबी भरवू दे, पर ह्याच चमच्यानं. दुसरा आला, तर तोंड उघडायचं न्हाई."